ज्याने मारला, त्याने आणायचा

प्रिय छोटू,



रविवारी रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. तुझी आई एरवी फोनवर पहिली दहा मिनिटं माझ्या गुडघ्याची चौकशी करते. परवा मात्र ती एकदम म्हणाली, "याने आज कुणाला तरी बॉल मारलाय आणि पळून आलाय." मग थांबत थांबत तिने सगळं सांगितलं. संध्याकाळी तुम्ही सहा जण सोसायटीच्या पोडियमवर खेळत होतात. हातात सीझन बॉल होता. तू पुढे सरसावून उचलून मारलास, बॉल कठड्यावरून खालच्या गल्लीत गेला आणि भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या एका बाईंच्या भुवईवर बसला. त्या खाली बसल्या. तुम्ही कठड्यावरून वाकून पाहिलंत, रक्त दिसलं, आणि सहाच्या सहा जण जिन्याने आपापल्या घरी गेलात. वॉचमनने त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. चार टाके पडले.

तू हे रात्री जेवताना आईला स्वतःहून सांगितलंस. घास तोंडात फिरत होता म्हणे. मला तेवढ्यावरून धीर आला. म्हणून हे पत्र तुला लिहितोय आणि छापायलाही देतोय. तुझं नाव यात कुठेही नाही. पण त्या जिन्याने पळालेली आणखी पाच मुलं आहेत, आणि मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत प्रत्येक सोसायटीत अशी पाच-सहा मुलं आहेत. त्यांच्या मामांनी हे त्यांना वाचून दाखवावं.

बॉल का मारलास, असं मी विचारणार नाही. हाफ व्हॉली पायाशी आला तर तो मारायचाच. बॉल कुठे जातो हे मारणाऱ्याला दर वेळी ठरवता येत नाही, हे जगातल्या सगळ्या चेंडूंच्या खेळांना लागू आहे. माझा प्रश्न पुढच्या अर्ध्या मिनिटाबद्दल आहे.

गल्ली क्रिकेटचा सगळ्यात जुना नियम तुला ठाऊक आहे. ज्याने मारला, त्याने आणायचा. बॉल गटारात जावो, गच्चीवर जावो, कुणाच्या स्वयंपाकघरात जावो, बॅट ज्याच्या हातात होती त्यानेच जायचं. आम्ही पंतनगरला, घाटकोपरात, दोन बिल्डिंगांच्या मधल्या बोळात खेळायचो तेव्हा हा नियम सांगावाही लागत नसे. सात वर्षांच्या पोरालाही तो कळायचा. त्यात बॉल परत मिळवणं तर होतंच, पण आणायला गेलं की बॉल कुठे लागला, कुणाला लागला, काय फुटलं, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागायचं. बेल वाजवावी लागायची. दार उघडणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागायचं.

एक गोष्ट मी ताईलाही नीट सांगितलेली नाही. मी तेव्हा सातवीत होतो. तळमजल्यावर एक आजी राहायच्या, एकट्या. त्यांची खिडकी आमच्या लेग साइडला होती. माझा एक फटका सरळ त्या काचेतून आत गेला. आम्ही सगळे पाण्याच्या टाकीमागे लपलो. अंधार पडेपर्यंत लपलो. बाबा कामावरून आले, त्यांना कुणीतरी सांगितलं, त्यांनी मला टाकीमागून काढलं आणि एक शब्द न बोलता हाताला धरून आजींच्या दारात उभं केलं. आजींच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. बॉलने त्यांना काहीच झालं नव्हतं. काचा वेचताना त्यांचा तळवा चिरला होता. आम्ही टाकीमागे बसलो होतो तेव्हा त्या ओणव्याने काचा वेचत होत्या. त्यानंतर आठ-दहा दिवस त्यांना पीठ मळता आलं नाही आणि आई रोज दोन चपात्या जास्तीच्या लाटून माझ्याच हाती पाठवायची. काच माझ्या फटक्याने फुटली होती, हात माझ्या लपण्याने चिरला होता. हा फरक मला कळायला बराच काळ गेला. तुला तो सोळाव्या वर्षीच कळावा, अशी माझी इच्छा आहे.

त्या प्रकारानंतर आम्ही मुलांनी बैठक घेतली आणि नियम केला: आजींच्या खिडकीत डायरेक्ट गेला तर आउट. टप्पा पडून गेला तर चालेल, पण त्यालाही रन नाहीत. पुढे दुसऱ्या बाजूच्या बाळंतिणीच्या खोलीसाठीही तोच नियम आला. दुपारी दोन ते चार फक्त अंडरआर्म. पहिल्या मजल्याच्या वर उचलून मारला तर आउट. मुंबईच्या प्रत्येक चाळीत, प्रत्येक कॉलनीत हे नियम थोड्याफार फरकाने सापडतील, आणि लोक ते कौतुकाने सांगतात, जणू जागेच्या टंचाईमुळे सुचलेल्या गमती. मला त्यात अधिक काही दिसतं. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी, कुणीही न शिकवता, शेजाऱ्याला लागेल असा फटका फायद्याचा राहू दिला नाही. क्रिकेटमध्ये ज्या फटक्याला सगळ्यात जास्त धावा, त्यालाच त्यांनी बाद ठरवलं. फलंदाजाला मोह होतो, म्हणून मोहाचं बक्षीसच काढून घेतलं. याहून शहाणा कायदा मी फारसा पाहिलेला नाही.

तुमच्या पोडियमवर यातलं काय उरलंय? ताईला विचारलं, तर म्हणाली, कठड्याबाहेर गेला की सिक्स.

त्यात बॉलही बदलला. टेनिस बॉल साधारण 58 ग्रॅमचा. सीझन बॉल 156 ते 163 ग्रॅमचा. एकाच वेगाने आले तर दुसऱ्याचा मार पावणेतीनपट, आणि टेनिस बॉल आदळल्यावर दबतो, सीझन बॉल दबत नाही. दबायचं काम मग समोरच्या हाडाला करावं लागतं. हा चेंडू मोठ्या मैदानासाठी, पॅड-हेल्मेट घातलेल्या, डोळे चेंडूवर ठेवून उभ्या असलेल्या माणसांसाठी केलेला आहे. तरीही तो जीव घेतो. नरी कॉन्ट्रॅक्टर भारताचे कर्णधार होते. 1962 साली बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्यांच्या डोक्याला लागला, कवटी फुटली, जीव वाचला तो शस्त्रक्रियांमुळे आणि त्यांच्यासाठी रक्त देणाऱ्यांमुळे. त्यात वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेलही होता. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळले नाहीत. रमण लांबा 1998 मध्ये ढाक्यात फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेटविना उभे होते, चेंडू डोक्याला लागला, तीन दिवसांनी गेले. ही सगळी चेंडूकडे बघत असलेली माणसं होती. तुझ्या गल्लीतल्या बाई भाजीच्या पिशवीकडे बघत होत्या.

चेंडू कुठून येतोय हे ठाऊकच नसणं म्हणजे काय, ते आपण माटुंग्याला पाहिलं. जानेवारी 2024, दडकर मैदान. एकाच मैदानावर एकाच वेळी दोन सामने चालू होते. बावन्न वर्षांचे एक गृहस्थ आपल्या सामन्यात क्षेत्ररक्षण करत होते. शेजारच्या खेळपट्टीकडे त्यांची पाठ होती. तिथल्या फलंदाजाने मारलेला फटका त्यांच्या कानामागे लागला. सायनच्या रुग्णालयात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पोलिसांनी अपमृत्यूची नोंद केली. तो फटका मारणाऱ्या माणसाने काहीही चुकीचं केलं नव्हतं. त्याच्या सामन्यात तो चांगलाच फटका असणार.

मैदानावर गेलेल्या प्रत्येक मुंबईकराला हे चित्र ओळखीचं आहे. आझाद मैदानावर एका सामन्याचा कव्हर दुसऱ्याच्या मिडविकेटला पाठ लावून उभा असतो. आपल्या उपनगरांत तर रविवारी सकाळी मुलुंडच्या संभाजी मैदानावर किंवा घाटकोपरच्या अत्रे मैदानावर जाऊन बघ, एकात एक अडकलेले सामने मोजता येणार नाहीत. आपण याला मुंबईची गंमत म्हणत आलो. दडकर मैदानानंतर मला तो शब्द वापरवत नाही. एका मैदानावर किती सामने लावायचे हे ठरवणारं कुणीतरी असतं. ज्याच्या परवानगीने दोन सामने लागतात, दोन खेळपट्ट्यांमध्ये किती अंतर हवं हे बघणं त्याचं काम आहे, फलंदाजाचं नव्हे.

तू म्हणशील, मामा, हे सगळं गरिबांच्या खेळात होतं. मोठी मैदानं, मोठ्या जाळ्या असलेल्या खेळात नसेल. तर गोल्फचं सांगतो. चेंबूरला गोल्फ क्लबची ती हिरवळ आहे, लहानपणी तू मला विचारलं होतंस की इथे क्रिकेट का खेळत नाहीत. तिथला चेंडू जेमतेम 46 ग्रॅमचा, पावणेत्रेचाळीस मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलका. पण चांगल्या खेळाडूच्या काठीवरून तो ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाने सुटतो. शिवाय त्याचा आकार माणसाच्या डोळ्याच्या खोबणीएवढा. क्रिकेटचा मोठा चेंडू बऱ्याचदा भुवईच्या आणि गालाच्या हाडावर अडतो. त्या बाईंचा डोळा वाचला तो बहुधा त्यामुळेच. गोल्फचा चेंडू आत शिरतो. 2018 च्या सप्टेंबरात पॅरिसजवळ रायडर कप चालू असताना ब्रुक्स केप्का या जगातल्या अव्वल खेळाडूचा फटका प्रेक्षकांत गेला आणि एका बाईंच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. जगात सगळ्यात चांगलं मारणाऱ्यांचाही चेंडू भरकटतो, म्हणून त्या खेळात एक रीत फार पूर्वीपासून पाळली जाते. चेंडू माणसांच्या दिशेने गेला की मारणाऱ्याने जीव खाऊन ओरडायचं: "फोर!" म्हणजे पुढे बघा, सांभाळा. लाज वाटली तरी ओरडायचं. आपला फटका चुकला हे सगळ्या मैदानाला कळलं तरी चालेल, पण ओरडायचं.

तू कठड्यावरून ओरडला असतास, "मावशी, बॉल!", तर कदाचित त्यांनी हात वर घेतला असता. अर्ध्या सेकंदाची गोष्ट आहे. पण कदाचित.

मी कोर्टात कारकुनी केली. तीस वर्षं फायली वाहिल्या. त्यामुळे अशा खटल्यांची मला आवड लागली, आणि त्यातले काही तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1947 च्या ऑगस्टमध्ये, आपल्याकडे स्वातंत्र्याला सहा दिवस उरले होते तेव्हा, मँचेस्टरजवळ चीटम हिल इथे एक बाई घराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकत होत्या. शेजारच्या मैदानावरून नव्वदेक मीटर उडून आलेला क्रिकेटचा चेंडू त्यांना लागला. त्यांनी क्लबवर दावा लावला. खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, 1951 मध्ये निकाल लागला, आणि बाई हरल्या. कारण तीस वर्षांत चेंडू जेमतेम सहा वेळा कुंपणाबाहेर गेला होता आणि कुंपण खेळपट्टीच्या पातळीपासून सतरा फूट उंच होतं. इतका दुर्मिळ धोका धरून कुणी मैदान बंद करत नाही, असं न्यायाधीश म्हणाले. पण लॉर्ड रीड यांनी एक गोष्ट जोडून ठेवली: धोका खरोखर मोठा असेल आणि तो टाळता येत नसेल, तर तिथे क्रिकेट खेळूच नये.

तुमच्या कठड्यावरून तीस वर्षांत सहा वेळा बॉल गेलाय का? ताई म्हणते, आठवड्याला तीन-चार.

त्याआधी 1922 मध्ये गोल्फचा एक खटला झाला होता. रस्त्यालगत तेरावा टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, होता, तिथून चेंडू वरचेवर रस्त्यावर यायचे. एक चेंडू टॅक्सीच्या काचेतून आत घुसला आणि टॅक्सीवाल्याचा डोळा गेला. तिथे क्लब हरला. असा टी रस्त्याकाठी ठेवणं हाच सार्वजनिक उपद्रव, असं कोर्टाने धरलं. आणि स्कॉटलंडमधला निड्री कॅसलचा खटला मला सगळ्यात जवळचा वाटतो. 2007 साली तिथे एका नवशिक्या खेळाडूचा डोळा दुसऱ्याच्या भरकटलेल्या फटक्याने गेला. मारणाऱ्याचा किती दोष आणि क्लबचा किती, यावर वाद झाला. 2013 च्या अपिलात कोर्टाने वाटणी केली: मारणाऱ्याचा वीस टक्के, क्लबचा ऐंशी, कारण धोक्याच्या जागी क्लबने साधी सूचनेची पाटीही लावली नव्हती. शंभर टक्के कुणा एकाच्या गळ्यात घातले नाहीत, आणि शून्य टक्के कुणालाच दिले नाहीत. मारणाऱ्याचे वीस टक्के उरलेच.

तेव्हा तुझे वीस टक्के तू घे. उरलेले ऐंशी कुणाचे, हे मी तुमच्या कमिटीला विचारणार आहे. पोडियमच्या कडेला साधी नायलॉनची जाळी लावायला किती खर्च येतो? तुमच्या पोडियमवर "येथे खेळण्यास मनाई आहे" अशी पाटी आहे. तिच्याखालीच तुम्ही रोज खेळता आणि रोज सगळे बघतात. पाटी लावून जबाबदारी उतरत नाही. मुलं खेळणार, खेळायलाच हवीत. तासाला पैसे भरून टर्फवर जाणं प्रत्येक घराला जमत नाही, आणि मैदानावर जागा नाही. मग जिथे खेळतात तिथे जाळी बांधणं हे मोठ्यांचं काम.

आता जे लिहितोय ते लिहिताना मला राग येतो आहे, तो तुझ्यावर नाही. मागच्या पावसाळ्याआधी तुमच्याच पोडियमवरून बॉल जाऊन खाली उभ्या असलेल्या एका गाडीची मागची काच फुटली होती, आठवतं? दोन तासांत सीसीटीव्ही तपासला गेला, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो फिरले, तिसऱ्या दिवशी तीन घरांनी मिळून काच बदलून दिली. या वेळी माणसाचं कपाळ फुटलं आणि ग्रुपवर एक ओळ नाही. या बाई तुमच्याच सोसायटीत चार घरी धुणीभांडी करतात. वॉचमन त्यांना ओळखतो, तुमच्यातलं कुणी ओळखत नाही. टाके ओले होऊ द्यायचे नाहीत म्हणून त्या सोमवारपासून कामावर आल्या नाहीत. न आलेल्या दिवसांचा पगार कापायचा का, यावर एका घरात बोलणं झालं, हे मला ताईनेच सांगितलं. काचेला किंमत लागली, कारण काचेचा मालक वर राहतो.

कायद्याचंही सांगून ठेवतो, भीती घालायला नव्हे, ठाऊक असावं म्हणून. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचं 125 वं कलम बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे दुसऱ्याच्या जिवाला धोका पोहोचवण्याबद्दल आहे. कुणाला लागलं नाही तरी ते लागू होतं, इजा झाली की शिक्षा वाढते. त्या बाईंनी पोलिसांत तक्रार केलेली नाही. त्यांना ते सुचलंही नसेल, किंवा चार घरची कामं जातील म्हणून केली नसेल. त्यांच्या न बोलण्याचा फायदा आपण घ्यायचा नाही.

खेळणं बंद कर, असं मी म्हणणार नाही, आणि तुझ्या आईने तसं म्हटलं तर तिची समजूत मी घालीन. सीझन बॉल मैदानावर ने. पोडियमवर टेनिस बॉल, आणि कठड्याबाहेर डायरेक्ट गेला तर आउट. हा नियम तू स्वतः मांडायचा, बाकीच्या पाच जणांसमोर. कुरकूर होईल. सांग, मामाच्या वेळी पंतनगरला सातवीतल्या मुलांना जमलं होतं.

मी वॉचमनशी बोललो. बाईंचे टाके गुरुवारी काढतील, शनिवारपासून त्या पुन्हा कामावर येणार आहेत. सकाळी आठला त्या सी विंगच्या गेटने आत शिरतात. चुकलेल्या दिवसांचा चार घरांचा पगार आणि दवाखान्याचा खर्च किती होतो ते मी काढलंय. अर्धे पैसे तुझ्या बॅटसाठी साठवलेल्यातले, अर्धे माझे. पण पाकीट तू द्यायचंस आणि बोलायचंही तूच. मी बाजूला उभा राहीन.

बॉल अजून वॉचमनच्या केबिनमध्येच आहे. तो तूच जाऊन घ्यायचा आहेस. शनिवारी सकाळी साडेसातला मी गेटवर असेन.

तुझा,
मामा